बाळाच्या मुठीत मासळीचा मुटका

खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: “माझे माहेर वेंगुर्ल्याचे, त्यामुळे मासळी मला नवी नाही; पण सासरी ती आठवड्यातून एकदा-दोनदाच मिळते. धाकटी मुलगी आठ महिन्यांची आहे. चमच्याने भरवलेले ती थुंकून टाकते, हातात दिलेले मात्र आवडीने चोखते. तिला हातात धरता येईल असा मऊ मासळीचा पदार्थ करायला गेले, तर तव्यावर तो एक तर कडक होतो, नाही तर मोडून पडतो. सासूबाईंचे म्हणणे असे की दात आल्याशिवाय मासा देऊ नये, द्यायचाच तर बिनकाट्याची मोरी द्यावी, आणि मासा खाल्ल्यावर दूध पाजू नये. थोरला अडीच वर्षांचा आहे. त्याला शहरातून आणलेल्या पाकिटातील फिश फिंगरची सवय लागली आहे. काय करावे?”

ताई, दातांचा प्रश्न आधी निकाली काढू. बाळाला सहा महिने पूर्ण झाले, आधार देऊन ते ताठ बसू लागले आणि मान सावरू लागले की मासा देता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये 6 ते 23 महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी मुलाच्या रोजच्या खाण्यात असावे, असे सांगितले आहे. आधी येतात ते पुढचे दात. त्यांनी लचका तोडता येतो, चावता येत नाही. चावण्याच्या दाढा वर्ष उलटल्यानंतर येतात. म्हणजे दातांची वाट पाहायची तर दाढांचीच पाहावी लागेल आणि तोवर पौष्टिक खाण्याचे महत्त्वाचे महिने निघून जातील. बाळाच्या हिरड्या वाटतात त्यापेक्षा बळकट असतात. मऊ घास त्या सहज रगडतात. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. पांढऱ्या मासळीत प्रथिने, ब-12 जीवनसत्त्व आणि आयोडीन चांगले असले तरी लोह बेताचेच असते. मासा नाचणीतील किंवा डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत करतो, पण त्याची जागा घेत नाही. तेव्हा आशाताई लोहाचे जे सिरप देतात, ते मासा सुरू केला म्हणून बंद करू नये.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे वळते. मासा मुळात मऊच असतो. त्याला कडक आपण करतो. बकऱ्याच्या मांसाप्रमाणे माशाला लांब, चिवट तंतू नसतात. त्याचे मांस आखूड तंतूंच्या पापुद्र्यांचे बनलेले असते आणि त्या पापुद्र्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा थोड्याशा उष्णतेने विरघळतो. म्हणूनच शिजलेला मासा बोट लावताच सुटतो. हा मऊपणा आपण तीन प्रकारे घालवतो. मोठ्यांच्या सवयीने तुकडीला मीठ आणि लिंबू किंवा आमसुलाचे आगळ लावून ती तासभर मुरत ठेवतो. त्यात आंबटाने मांस घट्ट होते आणि मिठाने त्यातले पाणी निघून जाते. मग तिला रव्यात घोळवून कवच चढवतो. आणि शेवटी ते कवच खरपूस होईपर्यंत तुकडी तव्यावर ठेवतो, तोवर आतला मासा केव्हाच शिजून कोरडा पडलेला असतो. रवा फ्राय म्हणून हे सारे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाळासाठी मात्र तवा बाजूला ठेवावा आणि इडलीपात्र किंवा मोदकपात्र काढावे. बोटभर जाडीच्या तुकडीला उकळी आलेल्या पाण्यावर सात-आठ मिनिटांची वाफ पुरते. मांसाचा काचेसारखा अर्धपारदर्शक रंग जाऊन ते दुधी झाले, पापुद्रे सुटू लागले आणि मधल्या काट्यालगत लाली उरली नाही, की मासा शिजला. तेवढ्यावर थांबावे. वास जावा म्हणून लिंबू चोळायचे असेल तर चोळून लगेच धुऊन टाकावे.

पण वाफेच्याही आधी खरेदी येते आणि आपल्या भागात माझ्या मते तीच सर्वांत नाजूक बाब आहे. बेळगाव, खानापूरकडे येणारी समुद्राची मासळी गोव्याहून चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाने, सावंतवाडीकडून आंबोलीच्या घाटाने, नाही तर कारवारकडून येते. बंदरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, मधल्या हाताळण्या, आणि शेवटी बाजारातल्या फळीवर बर्फ वितळत असताना गेलेले तास. तुमच्या वेंगुर्ल्याच्या सवयीने डोळा तयार असेलच: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा, वास समुद्राचा आणि शिळेपणाचा नव्हे. कापून ठेवलेल्या तुकड्या घेण्यापेक्षा अख्खा मासा निवडून समोर कापून घ्यावा. सकाळी लवकर जावे आणि बर्फ घातलेला डबा सोबत न्यावा.

बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा यांच्या बाबतीत यामागे केवळ चवीचे कारण नाही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामाइन बनवतात आणि एकदा बनलेले हिस्टामाइन कितीही शिजवले तरी जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, उलट्या-जुलाब होतात. घरचे म्हणतात, “बाळाला मासा बाधतो,” आणि पुढे वर्षानुवर्षे त्या मुलाला मासा मिळत नाही, जरी दोष माशाच्या जातीचा नसून तो उन्हात राहिल्याचा असला तरी. म्हणून बांगडा ताजा असल्याची खात्री असेल तेव्हाच घ्यावा, आणि मग मात्र अवश्य घ्यावा, कारण मेंदूच्या वाढीला लागणारी स्निग्धाम्ले महागड्या पापलेटापेक्षा स्वस्त बांगड्यात आणि तारलीत कितीतरी अधिक असतात. पापलेटालाच श्रेष्ठ मानण्याची आपल्याकडची रीत खिशाला जड आणि पोषणाला तोकडी आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

सुरुवातीला मात्र पापलेट, मुडदुशी, लेपो किंवा हलवा यांपैकी काही मिळाले तर बरे. चव सौम्य आणि मांस मऊ असते. पापलेटाचा मधला काटा तर वाफवल्यानंतर अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो; फक्त परांच्या कडेचे बारीक काटे विसरू नयेत. बांगड्याला पाठीचा कणा आणि बरगड्यांशिवाय दोन्ही बाजूंना, मधल्या काळसर पट्टीलगत, बारीक काट्यांची एक ओळ असते; ती पट्टीच चमच्याच्या टोकाने काढून मोठ्यांच्या ताटात टाकावी. धरणातील कटला आणि रोहू यांच्या पाठीच्या मांसात दोन टोकांचे, कण्याला न जोडलेले काटे विखुरलेले असतात, ते सर्वांत फसवे. या माशांची पेटी, म्हणजे पोटाकडचा भाग, घ्यावी. तिथे मोठ्या बरगड्याच असतात आणि त्या डोळ्यांना दिसतात. तारलीचे काटे प्रेशर कुकरमध्ये मऊ होतात हे खरे असले, तरी वर्षाच्या आतल्या बाळासाठी त्यावर विसंबू नये.

काटे काढण्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण साऱ्या पाककृतीत चूक परवडणार नाही अशी जागा हीच आहे. वाफवलेली तुकडी कोमट होऊ द्यावी; गरम असताना बोटे घाई करतात. कातडी काढावी. मग मांस एकदम न कुस्करता एकेक पापुद्रा सुटा करावा आणि प्रत्येक पापुद्रा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाबत पुढे सरकवावा, केस लागला तरी कळेल इतक्या सावकाश. पांढरा काटा पांढऱ्या बशीत दिसत नाही. गडद रंगाची बशी किंवा स्टीलची परात घ्यावी आणि खिडकीच्या उजेडात बसावे. सारे पापुद्रे पाहून झाले की ते परातीत पातळ पसरून तळहाताने एकदा रगडावे. बोटांतून निसटलेला काटा तळहाताला टोचतो. शक्य असल्यास ही दुसरी फेरी घरातील दुसऱ्या माणसाने करावी. सासूबाईंना काट्याची धास्ती आहे, तर हे काम त्यांच्याइतके दक्षतेने दुसरे कोणी करणार नाही. आणि मासा मिक्सरमधून काढणे तर टाळावेच. पाते काटा नाहीसा करत नाही, त्याचे अणकुचीदार तुकडे करते आणि मग ते ना डोळ्यांना दिसत, ना बोटांना लागत. रताळे किंवा भात मिसळण्यापूर्वीच ही तपासणी पूर्ण व्हावी. एकदा गोळा झाला की काटा शोधणे संपले.

आता मुटके. तुमच्या लेकीच्या वयाचे मूल अजून चिमटीने उचलत नाही, सबंध मूठ आवळून धरते. मुठीच्या आत राहिलेला घास त्याला खाता येत नाही, मुठीबाहेर डोकावणाराच खाता येतो. त्यामुळे बोटाएवढा लांब, हाताने वळलेला मुटका या वयाला नेमका सोयीचा ठरतो. आणि त्यासाठी लागणारे रताळे तर आपल्या बेळगावच्या लाल मातीत मुबलक पिकते.

एक वाटी काटे काढलेल्या माशाला अर्धी वाटी कुस्करलेले रताळे, दोन चमचे मऊ शिजवलेला भात, एका अंड्याचा पिवळा बलक आणि अर्धा चमचा साजूक तूप घ्यावे. चिमूटभर जिरेपूड आणि हळद चालेल. मीठ घालू नये. रताळे पाण्यात टाकून न उकडता सालासकट वाफवावे, मग सोलून हातानेच कुस्करावे आणि पाच मिनिटे उघडे ठेवावे, म्हणजे त्यातली वाफ निघून जाते. तुमचे मुटके मोडतात त्याचे कारण बहुधा इथेच आहे: उकडलेले रताळे किंवा बटाटा पाणी धरून ठेवतो आणि गोळा सैल होतो. तरीही तो सैल वाटला तर भाजलेल्या नाचणीचे पीठ चमचाभर घालावे. बेसन घालू नये. वाफेवर ते नीट शिजल्याची खात्री नसते आणि मुटका चिकट होतो. बटाटाही चालतो, पण गार झाल्यावर तो घट्ट होतो, त्यामुळे बटाट्याचे मुटके कोमट असतानाच द्यावेत.

हाताला तूप लावून लहान लिंबाएवढा गोळा घ्यावा आणि मूठ हलकेच आवळावी. आपल्या तर्जनीएवढा लांब, अंगठ्याएवढा जाड मुटका होतो आणि त्यावर बोटांचे ठसे उमटतात. ते पुसून गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा; त्या खाचांमुळेच बाळाच्या बोटांना पकड मिळते. इडलीपात्राच्या ताटलीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावर मुटके मांडावेत आणि आठ ते दहा मिनिटे वाफवावेत. झाकण काढल्याबरोबर उचलू नयेत. वाफेतून निघालेला मुटका लिबलिबीत असतो, दहा मिनिटांत तो सावरतो; गरम असताना हात लावला की मोडलाच. उचलल्यावर एक मुटका स्वतः चाखावा: तो दात न लावता जीभ आणि टाळूच्या मध्ये दाबून विरघळला पाहिजे. रबरासारखा लागला तर अंड्याचा पांढरा भाग त्यात गेला आहे किंवा पीठ अधिक झाले आहे.

एक इशारा आप्पेपात्राविषयी. आपल्याकडे ते घरोघरी असते आणि हेच मिश्रण त्यात घालण्याचा विचार सहज मनात येतो. परंतु गोल, गुळगुळीत घास लहान मुलाच्या घशात बुचासारखा बसू शकतो. आप्प्यांच्या आकाराचे केले तर त्यांचे चार उभे तुकडे करूनच द्यावेत. नऊ-दहा महिन्यांनंतर मूल चिमटीने उचलू लागले की मुटक्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करून समोर ठेवावेत; मग त्याला तीच खेळी आवडू लागते.

मिठाविषयी थोडे. पहिल्या वर्षात बाळाच्या पोटात दिवसभरात सर्व मिळून एक ग्रॅमहूनही कमी मीठ जावे, असे मानले जाते आणि दुधातूनही काही अंश मिळतच असतो. खारवलेला मासा, सुके बोंबील, सुकट हे सारे या वयाला वर्ज्य. घरच्या आमटीतील तुकडी धुऊन देणे हाही उपाय नव्हे, कारण मीठ आत मुरलेले असते. बाळापुरती तुकडी मीठ लावण्याआधीच बाजूला काढावी.

मासा पहिल्यांदा द्याल तो मुटक्याच्या रूपात देऊ नये. मासा, अंडे आणि नवे पीठ एकाच दिवशी पोटात गेले आणि पुरळ उठले, तर दोष कोणाला द्यायचा ते कळत नाही. आधी अंडे वेगळे देऊन पाहावे. मग एखाद्या दिवशी, बाळाला सर्दी-ताप नसताना, सकाळच्या वेळी नुसत्या वाफवलेल्या माशाचे मटाराच्या दाण्याएवढे दोन कण द्यावेत आणि दोन तास लक्ष ठेवावे. माशाची अॅलर्जी ज्या प्रथिनामुळे होते ते उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे नीट शिजवल्याने ती टळते असे नाही. अंगावर गांधी, ओठ किंवा पापण्या सुजणे, वारंवार उलट्या झाल्यास मासा थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला किंवा बाळ मलूल झाले तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. काही मुलांना दोन-तीन तासांनी जोराच्या उलट्या होतात, अंगावर मात्र काहीच उठत नाही. तीही अॅलर्जीचीच एक तऱ्हा आहे आणि तीही डॉक्टरांना सांगावी. बाळाला आधीपासून तीव्र इसब असेल किंवा अंडे बाधले असेल तर मासा सुरू करण्यापूर्वीच विचारावे. कोळंबी आणि खेकडे यांची अॅलर्जी वेगळी असते. मासा पचला म्हणून ती पचतीलच असे धरून चालू नये.

खाताना बाळ ताठ बसलेले असावे, मांडीवर कलते नको, चालत्या गाडीत तर नकोच, आणि मोठे माणूस समोर असावे. सुरुवातीला ते ओकारी काढील, तोंड वाकडे करील, खोकेल. घास पुढे सरकवण्याची ती धडपड असते आणि आवाज येतो आहे तोवर घाबरून तोंडात बोट घालू नये. आवाजच बंद झाला, रडता किंवा खोकता येईना, ओठ निळे पडू लागले, तर तो गुदमरण्याचा प्रसंग आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथे करून, डोके छातीपेक्षा खाली ठेवून, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत, आणि घास सुटेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे. घशात काटा अडकल्याची शंका आली, बाळ लाळ गाळत गिळायला नकार देऊ लागले, तर भाताचा घास किंवा केळे खिलवून काटा उतरवण्याचा जुना उपाय करू नये. काटा त्याने अधिक रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच जावे.

मोरीविषयी सासूबाईंचा तर्क मला समजतो. मोरीला काटे नसतात, कूर्चा असते. बाळंतिणीला मोरीचे सार देण्याची रीतही समुद्रकाठी आहे. पण मोरी म्हणजे शार्क. ती इतर मासे खाऊन वाढते आणि त्या सगळ्यांच्या अंगातील पारा तिच्या अंगात साठत जातो. हा पारा लहान मुलाच्या वाढत्या मेंदूला घातक असतो आणि शिजवण्याने जात नाही. म्हणून लहान मुलांना मोरी देऊ नये. सुरमईसुद्धा मोठी शिकारी मासळी आहे. ती कधीतरी आणि लहान आकाराची असेल तर घ्यावी. बांगडा, तारली, मुडदुशी, पापलेट यांत ही चिंता फारशी नाही. बिनकाट्याचाच मासा हवा असेल तर गोठवलेल्या बासाचे तुकडे मिळतात. ते सुरक्षित आहेत, पण बांगड्याचे पोषण त्यांत नाही. प्रमाण म्हणाल तर आठवड्यातून दोनदा, दर वेळी मोठ्या माणसाच्या दोन-तीन घासांएवढा, वर्षानंतर साधारण तीस ग्रॅम, इतका मासा पुरे.

राहिला मासे आणि दुधाचा प्रश्न. आयुर्वेदात हा विरुद्ध आहार सांगितला आहे आणि त्याने अंगावर कोड उठते ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. आधुनिक वैद्यकाला मात्र माशाने आणि दुधाने कोड उठते याचा पुरावा सापडलेला नाही. स्तनपानाशी तर हा निषेध मुळातच जोडता येत नाही. बाळाने मासा खाल्ल्यानंतर त्याला अंगावर पाजावे, आणि तुम्ही मासे खाल्ले म्हणून पाजणे थांबवू नये. घरातील वाद टाळण्यासाठी मुटक्यात किंवा त्याच्यासोबत गाईचे दूध-दही घालणे टाळले, तर बिघडत काही नाही. या पाककृतीत दूध नाही ते एवढ्याचसाठी. सासूबाईंची एक अट पाळल्याने दुसऱ्या दोन अटी मोडणे सोपे जाते, असे मला वाटते.

थोरल्याच्या पाकिटाच्या पाठीवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, एवढा हिशेब लक्षात ठेवावा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा अधिक मीठ जाऊ नये. पाकीट एकदम बंद केल्यास तो मासाच सोडून देईल. हेच मुटके थोडे चपटे करून, पातळ पोह्यांच्या चुऱ्यात घोळवून, तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे परतावेत. वरून खुसखुशीत आणि आत वाफवलेला मासा. त्याच्या वाट्याच्या मिश्रणात किंचित मीठ, लसणाची पाकळी आणि कोथिंबीर चालेल. पहिले काही दिवस पाकिटातील एक आणि घरचा एक असे ताटात ठेवावे, त्याविषयी काही बोलू नये.

शिजवलेले मुटके दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावेत आणि दुसऱ्या दिवशी संपवावेत. देताना पुन्हा वाफ द्यावी. गोठवून ठेवायचे तर महिनाभर राहतील, पण तुमच्याकडे भारनियमन कितपत होते त्यावर ते अवलंबून आहे. एकदा वितळलेले मुटके पुन्हा गोठवू नयेत. तसेच, फार दिवस गोठवलेल्या माशाचे मांस चोथ्यासारखे कोरडे होते, तेव्हा त्यापासून मऊ मुटके होण्याची आशा ठेवू नये.

शेवटचे पावसाळ्याचे. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा बाजारात दिसणाऱ्या समुद्राच्या मासळीत बर्फात किंवा शीतगृहात राहिलेला माल पुष्कळ असतो. या दोन महिन्यांत बाळासाठी हिडकलच्या किंवा मलप्रभेच्या पाण्यातील ताजा कटला मिळाला तर त्याची पेटी घ्यावी, किंवा तिलापिया, ज्याला चिलापी म्हणतात, तो घ्यावा. त्याला कटल्याचे ते फसवे काटे नसतात. पाठोपाठ श्रावण येतो आणि घरात महिनाभर मासळी शिजत नसेल तर त्यासाठी बाळापुरता वेगळा अट्टहास करण्याचे कारण नाही. नाचणी, मूगडाळ आणि घरी चालत असेल तर अंडे यांवर तो महिना निभतो. श्रावणानंतर मासा पुन्हा सुरू करताना मात्र पहिल्या दिवशी अर्धाच मुटका द्यावा आणि तोही सकाळी.